धागा: कमी पाण्यावर फुलणारी झाडं बियांपासून (कोल्हापूरच्या हवेत कधी आणि कशी पेरायची)

तांबडी_माती | २१ सप्टेंबर, रात्री ९:४०

घट बसायच्या मागेपुढे दरवर्षी हाच प्रश्न येतो: कमी पाण्यावर टिकणारी फुलझाडं बियांपासून करायची आहेत, कुठली करू? यादी कुणीही देईल. सदाफुली, ऑफिस टाइम, गलांडा, झिनिया, कॉसमॉस, गोम्फ्रेना, गुलबक्षी, गोकर्ण, शंखासुर, कोरांटी, अडेनियम. यादीत सहसा चूक नसते. चुकतो तो महिना आणि चुकते ती माती, म्हणून आधी त्या दोन्हींवर बोलू.

शहरात वर्षाला साधारण हजार मिमी पाऊस होतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. गलांडा आणि झिनिया मूळचे मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या कोरड्या माळांवरचे, ऑफिस टाइम अर्जेंटिना-ब्राझीलकडचं. आपल्याकडे जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही आणि कुंडीतली माती वाळतच नाही. मुळांना हवा मिळत नाही, मग ती तपकिरी होऊन कुजतात. पाकिटावर ‘दुष्काळ सहनशील’ लिहिलेलं झाड कोल्हापुरात वैशाखात तगतं आणि आषाढात जातं.

दुसरं म्हणजे रोप आणि झाड यांत फरक आहे. पाणी नसताना तग धरायची ताकद मुळाच्या खोलीत असते. दोन पानांच्या रोपाला मूळ असतं जेमतेम दोन इंचांचं, त्याला एका दुपारचा ताणही पुरतो मरायला. म्हणजे पहिले चार-पाच आठवडे ओल सतत हवी आणि त्यानंतर ती हळूहळू तोडायची.

यावरून पेरणीचे तीन हंगाम निघतात.

सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबर: गलांडा, झिनिया, कॉसमॉस. परतीच्या पावसापासून ट्रे आडोशाला ठेवायचा, दिवाळीच्या सुमारास रोपं जागेवर लावायची, डिसेंबर ते मार्च फुलं.

फेब्रुवारीची अखेर ते मार्च: सदाफुली, ऑफिस टाइम, गोम्फ्रेना. यांना रुजायला गरम माती लागते. डिसेंबर-जानेवारीत पेरलं तर बी थंड ओल्या मातीत पडून कुजतं आणि दोष बियाणेवाल्याला जातो.

एप्रिलची अखेर ते मे: शंखासुर, गोकर्ण, कोरांटी पिशव्यांत. दोन वळीव झाले की जूनच्या सुरुवातीला जमिनीत, पण उंचवट्यावर. पावसाळाभर मूळ खाली जातं आणि पुढच्या उन्हाळ्यात आठवड्याला एक पाणी पुरतं.

अडेनियम या तिन्हीत बसत नाही. त्यावर निवडुंगदादा लिहितीलच.

गच्चीवाली | २१ सप्टेंबर, रात्री १०:१५

दादा, हंगाम कळला. मिश्रणाचं प्रमाण मापात सांगाल का? नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) पेरलं की वर ओलं दिसतं आणि ट्रे उचलला तर हलका लागतो. पाणी जातं कुठं?

तांबडी_माती | २१ सप्टेंबर, रात्री १०:५२

कडेनं खाली उतरून जातं, ताई. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही. वरचा पापुद्रा भिजतो, आतला गड्डा कोरडाच राहतो. असा ट्रे वरून कितीही भिजवला तरी उपयोग नाही. परातीत दोन बोटं पाणी घेऊन त्यात अर्धा तास ठेवा, खालून शोषून घेईल.

पेरणीच्या ट्रेसाठी: २ भाग कोकोपीट, १ भाग जाड वाळू, १ भाग चाळलेलं जुनं गांडूळखत. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट फुगून आठ-नऊ लिटर होते. ती बादलीत भिजवून दोनदा-तीनदा पिळून घ्या, मीठ निघून जातं. न धुता वापरलं की कोवळ्या पानांच्या कडा जळतात.

जागेवर लावायच्या कुंडीचं मिश्रण वेगळं आणि मुद्दाम गरीब ठेवायचं: २ भाग तांबडी माती, १ भाग जाड वाळू, १ भाग वाटाण्याएवढा विटांचा चुरा, अर्धा भाग शेणखत किंवा गांडूळखत. यापेक्षा खत वाढवू नका. नत्र जास्त झालं की झिनिया-कॉसमॉस कमरेएवढे वाढतात, खोड पोकळ होतं, पानं मोठी आणि मऊ निघतात. मोठ्या पानातून पाणीही जास्त उडतं, म्हणजे आपणच त्या झाडाची काटक सवय मोडतो.

कुंडी मातीची घ्या. कुंभार गल्लीत मिळते ती भाजलेली, रंगाचा हात न दिलेली. तिच्या अंगातून ओल बाहेर जाते आणि पावसाळ्यात तेवढाच आधार होतो. उन्हाळ्यात मात्र स्लॅबवर थेट ठेवू नका. खाली दोन विटा, म्हणजे तळाचं भोकही मोकळं राहतं आणि स्लॅबची धगही लागत नाही.

पाटावरचं_पाणी | २२ सप्टेंबर, सकाळी ७:०५

वाळूबद्दल एक. नदीची वाळू आता मिळणं मुश्कील, जो तो क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) वापरतोय. वापरा की, पण तशीच ओतू नका. तिच्यात पिठासारखी भुकटी असते, ती पाण्याबरोबर खाली बसते आणि कुंडीच्या बुडाला सिमेंट केल्यागत थर धरते. स्वयंपाकघरातल्या पिठाच्या चाळणीनं चाळा, खाली पडेल ते टाकून द्या, वर राहील ते धुऊन घ्या.

आणि आपल्याकडं साखर कारखान्याची मळी (प्रेसमड, रस गाळून राहिलेला गाळ) फुकट मिळती म्हणून लोक कुंडीत घालतात. ताजी मळी आतल्या आत तापती, रोपाची मुळं भाजून निघतात. चार-पाच महिने ढीग लावून, दोनदा पालटून, थंड झाली आणि मातीचा वास यायला लागला की मगच घाला. बगॅसची (उसाच्या चिपाडांची) राख तर सांभाळूनच. ती अल्कली असती, दहा इंची कुंडीला चमचाभर लई झाली. सदाफुलीला तेवढीबी नको.

हिरवा_चाफा | २२ सप्टेंबर, दुपारी १:३०

गलांड्याची रोपं सहाव्या दिवशी दाट उगवली. दहाव्या दिवशी मातीलगत देठ दोऱ्यासारखे बारीक होऊन आडवी पडली. वरची पानं अजून हिरवीच आहेत. ट्रेच्या एका कोपऱ्यातून सुरू झालं आणि रोज हाताएवढी जागा पुढे सरकतंय. पाणी कमी पडलं का?

बियाणेपेटी | २२ सप्टेंबर, दुपारी ३:१०

पाणी कमी पडलेल्या रोपाचं आधी पान मरगळतं, देठ तसाच ताठ राहतो. तुमच्याकडे उलटं आहे: पान ताजं, देठ मातीलगत पिचका. ही बुरशी, रोप कोलमडण्याचा रोग. पिथियम, रायझोक्टोनिया वगैरे मंडळी मातीतच असतात. दाट पेरणी, सतत ओला पृष्ठभाग आणि कोंदट हवा मिळाली की उठतात.

आज करायचं ते एवढंच. पडलेली रोपं, त्यांच्याभोवतीच्या दोन बोटं उभ्या रोपांसकट, मातीसह चमच्यानं उचलून बाहेर टाका. ती उभी रोपं वाचणार नाहीत, जीव लावू नका. झाकण असेल तर काढा. राहिलेल्या ट्रेवर कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचं बुरशीनाशक) लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबानं ओता. पृष्ठभागावर कोरड्या वाळूचा पातळ थर द्या. पाणी इथून पुढे खालून आणि सकाळीच.

पुढच्या पेरणीला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी): पेरणीआधी आठ दिवस दमट मिश्रणात मिसळून ठेवा किंवा पेरताना लिटरला पाच ग्रॅम शिंपडा. ट्रायकोडर्मा आणि तांबं एकत्र वापरू नका. तांब्यानं तीही बुरशी मरते, कारण ट्रायकोडर्मा ही बुरशीच आहे. मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या.

दाट पेरणीचं म्हणाल तर १ फूट × २ फूट ट्रेमध्ये गलांड्याच्या १८०-२०० बिया बास. ओळीत पेरा, ओळींत दोन बोटं अंतर. मूठ उधळली की कोपऱ्यात गर्दी होतेच.

हिरवा_चाफा | २२ सप्टेंबर, दुपारी ३:२५

गलांडा झाकायचा की उघडा ठेवायचा? पाकिटावर ‘अर्धा इंच खोल’ लिहिलंय.

बियाणेपेटी | २२ सप्टेंबर, दुपारी ४:००

अर्धा इंच फार झालं. बरीच पाकिटं सगळ्या फुलांना तीच एक ओळ छापतात. ढोबळ नियम म्हणजे बी जितकं जाड, त्याच्या दुप्पट-तिप्पट माती. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न हा की बियाला उजेड लागतो की अंधार.

उजेड लागणारी: ऑफिस टाइम, गलांडा. ऑफिस टाइम अजिबात झाकायचं नाही. गलांड्यावर बी अर्धवट दिसेल एवढीच वाळू भुरभुरायची.

अंधारात चांगली रुजणारी: सदाफुली, गोम्फ्रेना. अर्धा सेंटिमीटर झाकून ट्रेवर वर्तमानपत्र ठेवा आणि रोज सकाळी उचलून बघा. पहिला पांढरा वाक दिसला की पेपर त्याच दिवशी काढायचा. एक दिवस उशीर झाला की रोपं लांबुडकी, पिवळी होतात आणि ती नंतर सुधारत नाहीत.

झिनिया, कॉसमॉस यांना दोन्ही चालतं. अर्धा सेंटिमीटर पुरे. ऑक्टोबरात झिनिया तीन ते पाच दिवसांत वर येते. आठव्या दिवशीही आली नाही तर उकरून बघा, बी बोटात दाबल्यावर पिचकलं तर गेलं.

गोम्फ्रेनाचं बी कापसात असतं. तसंच पेरलं तर कापूस वर ओल धरतो आणि बी खाली कोरडं. जाड वाळूत घालून तळहातांत चोळा, कापूस सुटतो. मग एक दिवस पाण्यात भिजवून पेरा. दहा-चौदा दिवस धरून चाला.

गच्चीवाली | २२ सप्टेंबर, रात्री ८:४५

ऑफिस टाइमचं बी म्हणजे काजळाची पूड. पाकीट उघडताना शिंक आली तर संपलंच. ते पेरायचं कसं?

बियाणेपेटी | २२ सप्टेंबर, रात्री ९:३०

😀 एका ग्रॅममध्ये साधारण दहा हजार बिया असतात, त्यामुळे पाकिटात चिमूटभर दिसलं म्हणून फसवलं असं समजू नका.

ट्रे आधी भरून, हातानं हलकं दाबून सपाट करा. सपाट महत्त्वाचं, कारण खळगा राहिला की पहिल्या पाण्यासरशी सगळं बी त्यात गोळा होतं. ट्रे परातीत ठेवून खालून भिजवा, वरची माती गडद झाली की उचलून निथळू द्या. पेरणीनंतर पाणी देण्यापेक्षा पेरणीआधीच देऊन ठेवलेलं बरं.

बी एका वाटीत, त्यात एक चमचा चाळलेली कोरडी पांढरी वाळू. पांढरी घ्या म्हणजे कुठे पडलं ते दिसतं. पोस्टकार्डासारखा जाड कागद मधून दुमडा, चुण्यांत मिश्रण घ्या आणि कागदाला बोटानं टिचक्या मारत ट्रेवरून न्या. एकदा आडवं, एकदा उभं. झाकू नका, दाबू नका. पारदर्शक प्लास्टिक चार काड्यांवर ताणा, मातीला टेकू देऊ नका. उजेडात ठेवा, थेट दुपारच्या उन्हात नको.

पाच ते दहा दिवसांत तांबूस ठिपके दिसतील. सुरुवातीला ती रोपं वाटतच नाहीत, मातीला गंज चढल्यासारखं दिसतं. त्या वेळी वरून फवारा मारला तर सगळं लोळतं. तीन आठवडे खालूनच पाणी. रोपं एक इंचाची झाली की चार-पाच रोपांचा पुंजका एकत्रच उचलून लावा. एकेक सोडवत बसायची गरज नाही, या झाडाला गर्दी चालते.

सप्टेंबरात हे करू नका, फेब्रुवारीपर्यंत थांबा. पाकीट बरणीत बंद करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा.

पाटावरचं_पाणी | २२ सप्टेंबर, रात्री ९:४१

मुंग्या!! ते सांगायचं राहिलं. रात्रीत ट्रे रिकामा करतात. स्टुलाचे चार पाय चार वाट्यांत, वाट्यांत पाणी, स्टूल भिंतीला टेकवायचं नाही. पावडर-बिवडर काही लागत नाही.

मसाई_पठार | २३ सप्टेंबर, सकाळी ६:५०

या यादीत आपल्या मातीतलं फारच कमी आहे. शंखासुरसुद्धा अमेरिकेतून आलेला. आपली म्हणावी अशी कोरांटी, आणि ती खरंच काटक आहे. पिवळी काटेरी तर बांधावर, दगडात, बिनपाण्याची उभी असते. बी धरणंही सोपं, फक्त वेळ साधावी लागते. जानेवारीपासून बोंडं पिकतात. टोक तपकिरी झालं की वाळून तडकतात आणि बी दूर उडतं. म्हणून तडकायच्या आधी अख्खा तुरा कागदी पिशवीत बांधून ठेवा. दोन-तीन दिवसांत पिशवीत टकटक ऐकू येईल. पिवळीच्या बोंडात दोन बिया निघतात, जांभळ्या-पांढऱ्या बिनकाटेरी जातीत चारपर्यंत.

बी चपटं असतं, अंगाला चिकटलेली रेशमी लव. पाण्याचा थेंब टाकून भिंगातून बघा, लव उभी राहते आणि भोवती बुळबुळीत थर तयार होतो. त्याच चिकटपणानं ते दगडाच्या फटीत धरून राहतं. म्हणून कोरांटीचं बी आधी भिजवायचं नाही. भिजवलं की बोटांना चिकटतं, एकमेकांना चिकटतं. कोरडंच पेरा, पिशवीत दोन-दोन, अर्धा सेंटिमीटर मातीखाली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. या दिवसांत मसाई पठारावर, पन्हाळ्याच्या वाटेला तेरडा, सोनकी बहरात असते आणि लोक बी आणायच्या गोष्टी करतात. एक तर पठारावरून बी ओरबाडू नये. आणि दुसरं, ती झाडं दुष्काळ सोसत नाहीत, टाळतात. पावसात उगवून, फुलून, ऊन तापायच्या आत बी टाकून मोकळी होतात. मार्चमध्ये कुंडीत पेरली तर रोज पाणी मागतील. खडकावर वाढतं म्हणजे कमी पाण्यावर वाढतं, ही समजूत पठारावरच सोडून या.

गच्चीवाली | २३ सप्टेंबर, सकाळी १०:२०

शंखासुराचं बी महिनाभर मातीत पडून आहे. उकरलं तर पेरलं तसंच, चकचकीत. मेलं का?

तांबडी_माती | २३ सप्टेंबर, सकाळी ११:००

मेलेलं नाही, झोपलंय. कवच इतकं टणक आहे की पाणी आत गेलेलंच नाही. बाहेर काढा.

नेलकटर घ्या. बियाला एका कडेला डोळा असतो, जिथून ते शेंगेला चिकटलेलं असतं. अंकुर तिथूनच निघतो, तिथे हात लावायचा नाही. त्याच्या बरोबर समोरच्या कडेला टवका काढा. तपकिरी कवच जाऊन आतला फिकट पिवळसर रंग दिसला की थांबा, आणखी आत गेलात तर दल जखमी होतं आणि तिथून कुजतं. मग साध्या पाण्यात रात्रभर. सकाळी बी दुप्पट फुगलेलं दिसेल. फुगलेलं लगेच एक सेंटिमीटर खोल पेरा, आठवड्यात वर येतं. न फुगलेल्याला पुन्हा एक टवका.

बी जास्त असेल तर गरम पाणी. उकळून आच बंद करा, बुडबुडे थांबल्यावर बियांच्या दहापट पाणी त्यांच्यावर ओता आणि तसंच सकाळपर्यंत निवू द्या. गॅसवर ठेवून बिया उकळू नका, त्या शिजतात. गोकर्णाचं कवच इतकं टणक नसतं. पॉलिश पेपरवर चार घासे आणि आठ-दहा तास पाणी पुरतं.

शंखासुराला सोटमूळ असतं, म्हणून ट्रेमध्ये नको. पाच बाय आठ इंची पिशवी घ्या आणि सहा-आठ आठवड्यांत जमिनीत लावा. पिशवीत मूळ गोल फिरलं की झाड पुढे वर्षानुवर्षं वाऱ्यानं डोलत राहतं आणि खोलातली ओल त्याला सापडत नाही.

पाटावरचं_पाणी | २३ सप्टेंबर, दुपारी २:१५

आता शिरोळ-हातकणंगलेकडच्यांसाठी. गगनबावड्याला पाच हजार मिमीच्या वर पाऊस आणि आमच्याकडं त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. त्यात काळी माती, आणि उसाला पाणी देऊन देऊन बऱ्याच जमिनी क्षारपड झालेल्या. बोअरचं पाणी जड. कुंडीला बाहेरून पांढरं फूल आलं, मातीवर पांढरी साय आली, की समजायचं क्षार साठला.

अशा पाण्यावर गलांडा टिकतो, त्याच्या काही जाती मूळ देशात समुद्रकाठच्या वाळूतबी वाढतात. ऑफिस टाइमबी बऱ्यापैकी सोसतं. सदाफुली पिवळी पडती, पानाच्या शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी. ती लोहाची खूण, माती अल्कली झाली की लोह असून मिळत नाही. चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातलं) लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी पानांवर. पण खरा इलाज पावसाचं पाणी साठवणं. रोपं तरी पावसाच्या पाण्यावर वाढवा.

रोज थोडं-थोडं पाणी शिंपडलं तर क्षार वरच साठतो. दोन महिन्यांतनं एकदा कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी ओतून खालनं वाहू द्यावं.

काळ्या मातीत गलांडा लावायचा तर वाफा नको, सरीचा वरंबा करा, वीतभर उंच. रोप वरंब्याच्या माथ्यावर, दीड फूट अंतर. काळ्या मातीत मुठीनं वाळू मिसळून निचरा होत नाही, विटा थापायची माती होती. उंची द्या, ते सोपं.

हिरवा_चाफा | २३ सप्टेंबर, रात्री ९:००

सदाफुलीला फुलंच हिरवी येतायत. पाकळ्यांच्या जागी बारीक पानं. नवीन जात आहे का ही?

बियाणेपेटी | २३ सप्टेंबर, रात्री ९:१८

जात नाही, रोग आहे. फायटोप्लाझ्मा नावाचा जीवाणूसारखा सूक्ष्मजीव, तुडतुडे पसरवतात. फुलाचं पान होतं, फांद्या झाडूसारख्या दाट होतात, पानं बारीक. औषध नाही. झाड मुळासकट उपटून पिशवीत बंद करून टाका. बी धरू नका आणि शेजारणीला कलमही देऊ नका.

दुसरा मृत्यू पावसातला: एक फांदी अचानक मरगळते, खोडाजवळ काळपट डाग, दोन दिवसांत झाड आडवं. ते पाणी साचल्यामुळे. पावसाळ्यात सदाफुली पत्र्याखाली, कडेच्या उजेडात ठेवायची आणि माती दोन बोटं खोल कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही.

मसाई_पठार | २४ सप्टेंबर, सकाळी ७:१०

पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसबद्दल इशारा. तो कमी पाण्यावर येतो हे खरं, पण बी अणकुचीदार, कपड्याला आणि जनावराच्या अंगाला लागून पसरतं, आणि राज्यात डोंगरउतारांवर तो रान माजवतोय. गच्चीवर ठीक, तेही वाळलेली बोंडं वेळेवर खुडून. शेताच्या बांधाला, डोंगराकडेला लावू नका.

गच्चीवाली | २४ सप्टेंबर, सकाळी ९:३५

मग गुलाबी-पांढरा कॉसमॉस चालेल ना? जूनमध्ये पेरला की नुसता उंच होतो, पडतो, फूल नाही.

तांबडी_माती | २४ सप्टेंबर, सकाळी १०:०५

तो चालेल. दिवस लहान झाले की तो लवकर कळी धरतो. जूनमध्ये दिवस मोठा, पाऊस भरपूर, म्हणून नुसता वाढतो. आता पेरा, दोन महिन्यांत गुडघा-मांडीएवढ्या झाडावर फूल येईल. वीतभर झाल्यावर शेंडा खुडा.

झिनियाला भुरी येते ती नेमकी याच काळात, दिवसा ऊन आणि रात्री दव. एका झाडापासून दुसरं फूटभर लांब, पाणी पानांवर नाही. पांढरी भुकटी दिसताच पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळी लवकर. भर उन्हात गंधक मारलं तर पानं भाजतात. बारीक पानांची, लहान फुलांची झिनिया मिळाली तर तीच घ्या, तिला भुरी फारशी लागत नाही.

बियाणेपेटी | २४ सप्टेंबर, रात्री ८:२०

बी धरण्यावर दोन शब्द, कारण खर्च तिथेच वाचतो.

पाकिटावर ‘एफ-१’ (पहिल्या पिढीचं संकरित बी) असेल तर त्याचं बी धरून तसंच झाड येणार नाही, उंची-रंग विखुरतात. गलांडा, झिनिया, कॉसमॉस परागीकरणानं मिसळतात, त्यामुळे शेजारी दोन रंग असतील तर पुढच्या वर्षी पंचमेळ. तो आवडत असेल तर काही बिघडत नाही.

गुलबक्षीची गंमत वेगळी. पांढऱ्या-हिरव्या चट्ट्यांच्या पानांची गुलबक्षी असेल तर बी कुठल्या फांदीवरचं आहे ते बघा. हिरव्या फांदीवरच्या बियांतून हिरवी रोपं, पांढऱ्या फांदीवरच्या बियांतून पांढरी, आणि ती हरितद्रव्याअभावी मरतात. पराग कुठल्या फांदीचा याला महत्त्व नाही. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्सनं १९०९ साली हे याच झाडावर दाखवलं. चट्टेरी रोप हवं असेल तर बी चट्टेरी फांदीवरचंच घ्या. गुलबक्षीच्या बिया विषारी, काळ्या मिऱ्यासारख्या दिसतात, लहान मुलांपासून लांब.

झिनियाचं फूल देठासकट तपकिरी झाल्यावर काढा. पाकळीच्या बुडाला बाणाच्या टोकासारखं बी असतं. सावलीत आठ दिवस वाळवा आणि काचेच्या बाटलीत सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुडीबरोबर ठेवा. बियातला ओलावा एक टक्क्यानं उतरला की आयुष्य साधारण दुप्पट, असा बियाणे साठवणुकीचा ठोकताळा आहे. पावसाळ्यात उघड्या डब्यात ठेवलेलं बी म्हणूनच दिवाळीला दगा देतं.

पेरायच्या आधी २० बिया ओल्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. आठ दिवसांत १६-१७ रुजल्या तर नेहमीसारखं पेरा, १० रुजल्या तर दुप्पट पेरा, पाचाच्या आत असतील तर नवीन आणा. ऑफिस टाइमला हे जमत नाही, मोजताना डोळे जातात.

निवडुंग | २५ सप्टेंबर, रात्री ११:०५

अडेनियम.

बी ताजं हवं. सहा महिन्यांनंतर उगवण झपाट्यानं घसरते. बी नळीसारखं, दोन्ही टोकांना केसांचा झुपका. झुपका काढा, बी आडवं ठेवा, वर अर्धा सेंटिमीटर जाड वाळू. मिश्रण निम्मं कोकोपीट, निम्मा तीन-पाच मिमीचा विटांचा चुरा किंवा परलाइट (हलके, फुगवलेल्या खनिजाचे पांढरे दाणे). गरमी हवी, म्हणून मार्च ते मे. तीन ते सात दिवसांत येतं. दहा दिवसांत न आलेलं येत नाही.

उगवल्यापासूनच पूर्ण सकाळचं ऊन. सावलीत ठेवलं तर बुड फुगत नाही, काडी होते. सहा पानांवर चार इंची कुंडीत. बियांपासून पहिलं फूल वर्ष-दीड वर्षात.

जून ते सप्टेंबर पावसाखाली ठेवायचं नाही, पत्रा किंवा प्लास्टिक हवंच. बुड बोटानं दाबून बघत जा. घट्ट असेल तर ठीक. किंचित मऊ आणि सुरकुतलेलं म्हणजे तहान. मऊ, ओलं आणि वास असेल तर कूज: निरोगी पांढरा भाग लागेपर्यंत कापा, कापावर गंधक लावा, आठ दिवस सावलीत कोरडं ठेवून मग लावा. थंडीत पानं गाळतं, मेलेलं नसतं. पाणी तोडा. चीक विषारी आहे, हात धुवा.

गच्चीवाली | २६ सप्टेंबर, सकाळी ८:१५

जमिनीतल्या झाडाचं कळलं, पण कुंडीला नेमकं कधी आणि किती? सगळे ‘गरजेनुसार’ म्हणतात.

तांबडी_माती | २६ सप्टेंबर, सकाळी ९:००

वजनावर जा, ताई. एकदा कुंडी भरपूर भिजवा, निथळली की दोन्ही हातांनी उचलून बघा आणि ते वजन हाताला लक्षात राहू द्या. रोज उचला. निम्म्यावर आल्यासारखी हलकी लागली की पाणी, तेही खालून बाहेर येईपर्यंत. आठ इंची कुंडीला अर्धा ते पाऊण लिटर लागतं, दहा इंचीला लिटरच्या आसपास.

लावल्यापासून पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, पुढचे दोन आठवडे दर तिसऱ्या दिवशी, त्यानंतर वजनानं. दुपारी दोन वाजता पानं मरगळली म्हणून धावू नका, संध्याकाळी सहाला बघा. तोवर ताठ झाली तर उन्हापुरतं होतं. सहालाही मरगळलेली असतील तरच पाणी. माती ओली असून मरगळली असतील तर मूळ कुजतंय, पाणी दिलं की खेळ खलास.

एप्रिल-मेमध्ये रोपांवर ५० टक्क्यांची हिरवी जाळी, मोठ्या झाडांवर गरज नाही.

हिरवा_चाफा | २६ सप्टेंबर, रात्री १०:३०

निवडुंगदादा, अडेनियमला शिंगांसारखी जोडशेंग धरलीय. बी उडून जाऊ नये म्हणून कधी काढू?

निवडुंग | २६ सप्टेंबर, रात्री १०:४८

काढू नका. हिरवी काढली तर बी पोकळ निघतं. दोन्ही शेंगांना तीन-तीन ठिकाणी दोरा गुंडाळा, सैल नको, करकचून नको. रंग करडा होऊन शिवणीवर चीर दिसली की दोऱ्यासकट कापा, पंखा बंद करून घरात उघडा. फेब्रुवारीत पिकली तर मार्चला पेरा. आता पिकत असेल तर उघडल्यावर बी बाटलीत, सिलिका जेलच्या पुडीसकट, मार्चपर्यंत. सहा महिन्यांच्या आत बसतं.